अंतोनिओच्या कडेवरचं पोर

१

आमच्या गल्लीत काही हरवलं की पोलिसांना कुणी सांगत नाही, अंतोनिओला सांगतात. किल्ल्या असोत, कवळी असो, पळालेलं मांजर असो, संत अंतोनिओपुढे मेणबत्ती लावायची की वस्तू सापडते. दक्षिण फिलाडेल्फियाच्या या इटालियन वस्तीत लहानथोर सगळ्यांचा यावर ठाम विश्वास आहे, आणि इथे निम्मं आयुष्य काढल्यावर माझाही बसला आहे. साताऱ्याच्या बाईने अंतोनिओला नवस बोलू नये असं कुठे लिहिलंय?

तर त्या हरवलेलं शोधून देणाऱ्या अंतोनिओच्याच कडेवरचं पोर नाहीसं झालं, आणि तेही मिरवणुकीच्या आदल्या दिवशी.

शनिवारी सकाळी मी हार घेऊन मंडळात गेले. दरवर्षी अंतोनिओचा हार मी करते. एका वर्षी हौसेने केला, तो लोकांना इतका आवडला की ते काम कायमचं माझ्या गळ्यात पडलं. मंडळ म्हणजे नुन्झिओच्या चीजच्या दुकानाला लागून असलेली लांबट खोली. पुढे मूर्ती, मागे पत्ते खेळायची टेबलं, खाली तळघर आणि वर ऑरेलिओची खोली. ऑरेलिओ मंडळाचा राखणदार. त्यानेच दार उघडलं, दिवा लावला, आणि आम्ही दोघं एकदमच थबकलो.

अंतोनिओ जागेवर होता. पुरुषभर उंचीचा, लाकडी, इथल्या लोकांच्या पणजोबांनी इटलीतल्या गावाहून बोटीने आणलेला. उजव्या हातात लिलीचं फूल होतं. डावा हात मात्र रिकामा होता. त्या हातावर बाळ येशू बसतो, एका खुंटीवर अलगद बसवलेला, म्हणजे सणाला त्याचे कपडे बदलता येतात. आता तिथे नुसती खुंटी दिसत होती.

"कुमुदबाई," ऑरेलिओ कसाबसा म्हणाला, "पोर कुठे गेलं?"

त्याचा चेहरा मी पाहिला. तसा चेहरा चोराला करताच येत नाही, हे मी शपथेवर सांगितलं असतं. पण माझी शपथ विचारतंय कोण!

बघता बघता गल्ली गोळा झाली. सगळ्यांच्या पुढे नुन्झिओ. चीजच्या दुकानाचा मालक, मंडळाचा अध्यक्ष, आणि आवाज असा की चीजला भोकं पडावीत.

"शुक्रवारी दुपारी मी स्वतः पाहिलंय त्याला! पाहुण्यांचा घोळका आला होता वस्ती बघायला, त्यांना मीच दाखवलं. त्यानंतर कधी गेलं ते देव जाणे. किल्ली कुणाकडे असते, ऑरेलिओ? तुझ्याकडे! दार कोण लावतं? तू!"

"डॉन नुन्झिओ," ऑरेलिओ म्हणाला (डॉन म्हणजे आपल्याकडचं राव), "पण दार संध्याकाळभर उघडंच असतं. लोक दर्शनाला येतात, त्यातलं कुणी..."

"लोक! त्या लोकांपैकी तुरुंगात कोण जाऊन आलंय?"

सगळ्यांच्या नजरा ऑरेलिओकडे वळल्या. ऑरेलिओने विशीत कुणाची तरी मोटार पळवली होती आणि त्याची सजाही भोगली होती. आता त्याची साठी उलटली. माझे यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना उचलून खुर्चीत बसवायला रोज कोण येत होतं? हाच. पण माणसाची एक चूक लोक अशी जपून ठेवतात जशी लग्नातली पैठणी.

तेवढ्यात नुन्झिओची बायको असुंता गर्दीतून पुढे आली. अंगावर एप्रन, हात पिठाचे. "ऑरेलिओने नाही घेतलं," ती म्हणाली. "काल दिवेलागणीला तो माझ्याकडे होता. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करत होता."

आता सुटला, असं मला वाटलं. पण ऑरेलिओने मान हलवली. "नाही, डोन्ना असुंता. मी खाली तळघरात खुर्च्या पुसत होतो. रेडिओवर बेसबॉल लावला होता, त्यामुळे वरचं काही ऐकू आलं नाही."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. असुंता पांढरी पडली. नुन्झिओचे कान मात्र लाल झाले.

"उद्या मिरवणूक निघायच्या आत पोर त्या हातावर पाहिजे," तो म्हणाला. "नाहीतर पोलिसांना बोलावणार, आणि ऑरेलिओ, तुझी वरची खोलीही रिकामी करायची."

२

मी तडक फिलोमेनाकडे गेले. फिलोमेना तादेओ माझी शेजारीण. जन्मभर विमा कंपनीत खोटे दावे शोधायचं काम केलं तिने. आगीत जळालेला पियानो मुळात घरात होताच का, हे ती घरच्या माणसांकडून कॉफी पिता पिता काढून घ्यायची. निवृत्त झाली तरी खोड गेली नाही. चर्चमध्ये ती फक्त लग्नाला आणि मयताला जाते, तेही कोण काय बोलतंय ते ऐकायला.

"मुकुट?" सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं.

"कसला मुकुट?"

"अगं, त्या पोराच्या डोक्यावर चांदीचा मुकुट असतो ना? तो गेला का?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही दोघी मंडळात गेलो. ऑरेलिओ कोपऱ्यातल्या खुर्चीवर मान खाली घालून बसला होता. फिलोमेना गुडघ्यांना शिव्या देत मूर्तीपाशी वाकली. मुकुट अंतोनिओच्या पायाशी होता, फडक्यावर नीट ठेवलेला. शेजारी लाल काचेच्या पेल्यातली एक मेणबत्ती जळून संपली होती.

"ही तू लावलीस?" तिने ऑरेलिओला विचारलं.

"नाही. मी पेले गुरुवारीच धुऊन ठेवले. शुक्रवारी दुपारी पाहुणे गेले तेव्हा सगळे रिकामे होते."

"म्हणजे चोराने चांदी ठेवली, लाकूड नेलं, आणि वर देवाला मेणबत्ती लावली! कुमुद, असा दावा कुणी माझ्या टेबलावर आणला असता तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं."

कोपऱ्यावर सिल्विओचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. त्याने मागे दोनदा नुन्झिओकडे ते पोर विकत मागितलं होतं. आम्हाला पाहताच त्याने हात वर केले.

"बाई, मी लबाड आहे, मूर्ख नाही! ते पोर या गल्लीत शेंबड्या मुलालासुद्धा ओळखू येतं. विकू कुणाला? आणि चोरायचंच तर मुकुट सोडून कोण जाईल? चांदी वितळवता येते. येशू वितळवतात का?"

"कालच्या संध्याकाळी कुठे होतास?"

"कालच्या संध्याकाळीच कशाला विचारतेस? गेलं कधी ते कुणाला माहीत आहे? दुपारी, संध्याकाळी, आज पहाटे, केव्हाही गेलं असेल!"

फिलोमेना एकदम थांबली. सिल्विओकडे बघत राहिली आणि मग हसली. काय झालं विचारलं तर म्हणे, "काही नाही. लबाड माणसं फार उपयोगी पडतात."

दुकानातून बाहेर पडतो तोच पलीकडच्या न्हाव्याच्या बायकोने मला हाक मारली. "कुमुद, तुझ्याकडे उतरलेली ती पोरगी कोण गं? शुक्रवारी सगळे पाहुणे गेले, ही एकटीच मूर्तीपुढे उभी होती. त्या बाळाच्या पायाला हात लावून रडत होती!"

३

माझी वरची खोली मी पाहुण्यांना भाड्याने देते. गुरुवारपासून तिथे हेदर नावाची एक मुलगी राहत होती. पंचविशीची, शांत, बोलायला गोड. वस्ती बघायला आले, एवढंच म्हणाली होती. माझ्या घरातून चोर निघावा?

आम्ही गेलो तेव्हा ती माझ्या टेबलाशी बसून पीच कापत होती. फोडी लाल वाइनच्या पेल्यात टाकत होती आणि काट्याने बुडवून बुडवून खात होती.

"हे कुणी शिकवलं?" फिलोमेनाने सहज विचारलं.

"बाबा रविवारी असंच खातात."

"कुठे असतात बाबा?"

"बाल्टिमोरला." आणि मग घाईघाईने, "का हो? इथे असं खात नाहीत का?"

"इथेच खातात," फिलोमेना म्हणाली. "काल मंडळात रडत होतीस म्हणे?"

हेदर लाल झाली. मांडीवरची पिशवी तिने छातीशी धरली. "मूर्ती फार सुंदर आहे," एवढंच पुटपुटली आणि भरलेला पेला तसाच टाकून वर गेली. मी जिन्याशी कान लावला. लावू नये, पण लावला. वरून तिचा फोनवरचा आवाज आला.

"नाही, अजून कुणाला काही सांगितलं नाही. भीती वाटते हो. उद्या मिरवणुकीच्या वेळी सांगीन. हो, त्याला हात लावला मी. अगदी तुम्ही सांगितलं होतं तसाच आहे."

मी धावत परत आले. "फिलोमेना, हीच! हिनेच! आता कुणाला तरी फोनवर सांगत होती!"

"तू तिचा पेला जपून ठेव, ती नंतर संपवेल," फिलोमेना म्हणाली. "चल, असुंताकडे जाऊ."

४

नुन्झिओचं घर दुकानाच्या मागच्याच गल्लीत. दारातूनच तळणाचा वास आला. मला आधी काही वाटलं नाही. सणाच्या आदल्या दिवशी घरोघर तळण असतंच. पण आत गेलो आणि मी बघतच राहिले. असुंता वरच्या स्वयंपाकघरात तळत होती!

हे ज्यांना कळत नाही त्यांना काय सांगावं? इथे घरोघर दोन स्वयंपाकघरं असतात. तळघरातलं रोज रांधायला, आणि वरचं नुसतं पुसून ठेवायला. असुंताच्या वरच्या शेगडीवर लग्नापासून कधी दूध तापलं नसेल. सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, अशी ती बाई. आणि आज तिथे भिंतीवर तेल उडत होतं.

"खाली काय झालंय?" फिलोमेनाने विचारलं.

"पाणी तुंबलंय," असुंता म्हणाली आणि जिन्याच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"मलाही खाली जाऊ देत नाही," नुन्झिओ टेबलावरून कुरकुरला. "म्हटलं बघतो, तर अंगावर आली."

"नळ तर काल ऑरेलिओने दुरुस्त केला ना?"

असुंताने झारा कढईत जोरात आपटला.

भिंतीवर एका लहान मुलाचा फोटो होता, बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या झबल्यातला. हा त्यांचा एकुलता एक मुलगा, कार्मिने. फिलोमेनाने मुद्दाम विचारलं, "कार्मिने येणार का सणाला?"

"कोण कार्मिने?" नुन्झिओ गुरगुरला. "मला मुलगा नाही."

सगळ्या वस्तीला ठाऊक असलेली ही गोष्ट. यांच्यात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव ठेवतात. मोडायचं नाही असा रिवाज. कार्मिनेला मुलगी झाली तेव्हा त्याने फोनवर कसलंसं भलतंच नाव सांगितलं. माझ्या बायकोचं नाव टाकलंस, आमचा अपमान केलास, म्हणून नुन्झिओने फोन आपटला, तो पुन्हा कधी उचललाच नाही. मुलगाही बापाचाच. तोही कधी वाकला नाही. मधल्या मध्ये असुंता वाळत गेली. एकदा मला म्हणाली होती, "नाव माझं होतं, कुमुद. पण मला कुणी विचारलं का, तुला राग आला का म्हणून?"

आम्ही परत माझ्या घरी आलो. मी कॉफी ठेवली. फिलोमेना खुर्चीत रेलली.

"घेतलं असुंताने," ती म्हणाली.

मी चमचा ठेवून तिच्याकडे वळले. "शुद्धीवर आहेस ना?"

"ऐक. पोर कधी गेलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नुन्झिओ स्वतः म्हणाला, देव जाणे. सिल्विओ म्हणाला, केव्हाही गेलं असेल. मग असुंताने ऑरेलिओसाठी नेमकी दिवेलागणीचीच वेळ का सांगितली? सकाळची नाही, रात्रीची नाही, तीच? ती वेळ ठाऊक असणारं माणूस एकच. आणि आता ती तळघरात कुणाला जाऊ देत नाही. पण कुमुद, मला एक गोष्ट सुटत नाहीये. का? नवऱ्याच्या मंडळातून, भर सणाच्या तोंडावर, बिनमुकुटाचं लाकडी पोर पळवून त्या भल्या बाईला काय मिळणार?"

बोलता बोलता तिची नजर माझ्या ओट्यावर गेली आणि ती ताडकन उठली. "हे काय? या पोराला का बुडवलंस तू?"

५

ओट्यावर स्टीलच्या पातेल्यात पाणी होतं, आणि पाण्यात माझा पितळेचा बाळकृष्ण, हातात लोण्याचा गोळा घेऊन, नाकापर्यंत बुडलेला.

"बुडवलं नाही गं," मी जरा ओशाळून म्हटलं. "देव पाण्यात घातलाय. आमच्याकडे घरावर संकट आलं की देव पाण्यात ठेवतात. ऑरेलिओवरचा आळ टळला की बाहेर काढायचा. तोवर बैस म्हणावं गारठत."

"म्हणजे देवाला धाक!"

"धाक नाही. आठवण."

फिलोमेना हसायला लागली, आणि हसता हसता एकदम पातेल्यावर वाकली. "माझी आजी," ती हळूच म्हणाली. "मावशीचं लग्न ठरेना. आजीने कपाटावरच्या चिमुकल्या अंतोनिओच्या हातातलं बाळ काढलं आणि पिठाच्या डब्यात पुरलं. अंतोनिओला म्हणाली, मुलीला नवरा आण, मग तुझं पोर मिळेल. जुन्या बायका सगळ्या करायच्या. पण घरातल्या एवढ्याशा मूर्तीशी! मंडळाच्या मूर्तीशी असं कुणी करेल हे माझ्या काय, कुणाच्या बापाच्या ध्यानात आलं नसतं."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. असुंताला अंतोनिओकडून काय हवं असेल, हे कुणी सांगायला नको होतं.

"आत्ताच जाऊ," मी म्हटलं.

"आता नुन्झिओ घरात आहे. उद्या सकाळी तो मंडळात पालखी सजवायला गेला की जाऊ."

रविवारी सकाळी गेलो. फिलोमेनाने काही न बोलता तळघराचं दार उघडलं, आणि असुंताने अडवलंही नाही. मटकन पायरीवर बसली.

खाली कोरडं ठणठणीत होतं, पाण्याचा थेंब नाही. टेबलावर ब्रेडची टोपली, टोपलीत पांढरी बाप्तिस्म्याची शाल, आणि शालीत गुंडाळलेलं अंतोनिओचं पोर, नुसतं तोंड उघडं. शाल कार्मिनेची होती. मला तर भडभडून आलं.

"शुक्रवारी मूर्तीपुढे उभी राहिले," असुंता म्हणाली. "म्हटलं, सगळ्यांची मांजरं शोधतोस, किल्ल्या शोधतोस. माझं पोर हरवलंय, ते का नाही शोधत? तुझं पोर तुझ्या कडेवर, आणि माझं कुठे? मग उचललंच त्याला. माझं दे, तुझं घे. सांगितलं असतं तर नवस मोडला असता."

"आणि ऑरेलिओ?" फिलोमेना कडाडली. "त्याच्या डोळ्याला काल डोळा लागलेला नाही! तुझ्या पोरापायी तो पोलिसांत जाणार होता!"

"म्हणून तर खोटं बोलले! मला काय ठाऊक तो इतका खरा निघेल! आज पोलीस आले असते तर मीच सांगितलं असतं, आईशपथ."

"काय सांगितलं असतंस?"

आवाज वरून आला. जिन्याच्या तोंडाशी नुन्झिओ उभा होता. झेंड्याची काठी न्यायला परत आला होता, आणि सगळं ऐकून चुकला होता.

तो ओरडेल म्हणून मी कानावर हात ठेवायच्या बेतात होते. पण तो ओरडला नाही. एक एक पायरी उतरला, टोपलीपाशी आला, ती शाल त्याने ओळखली. "असुंता," तो म्हणाला, "अगं, मला सांगायचंस."

"तुला? तुला सांगायचं म्हणजे तू आधी ऐकायला हवं ना! तू कधी कुणाचं पुरतं ऐकलंयस? मुलाचं ऐकलं नाहीस, ऑरेलिओचं ऐकलं नाहीस, आणि मी तर भिंतच!"

नुन्झिओ खुर्चीत बसला.

"कुमुद," फिलोमेना म्हणाली, "तुझ्याकडची ती पीच खाणारी मुलगी आण."

"तिचा काय संबंध?"

"बाप बाल्टिमोरचा, पण पीच खातो या गल्लीसारखे. पोरगी अंतोनिओच्या बाळाला हात लावून रडते आणि फोनवर म्हणते, तुम्ही सांगितलं होतं तसाच आहे. अगं, कुणी सांगितलं असेल? ती चोरायला आलेली नाही. आली आहे ती घर शोधत, आणि दार वाजवायला घाबरते आहे. जा, पळ!"

मी पळाले. या वयात पळाले!

६

हेदर तळघराच्या शेवटच्या पायरीवर थांबली, पिशवी छातीशी धरून. मग पिशवीतून तिने एक जुना फोटो काढला. अंतोनिओची पालखी, आणि पहिल्या खांद्याला एक तरणाबांड पोरगा.

"माझे बाबा," ती म्हणाली. "मी हेदर."

त्या नावासरशी नुन्झिओचा चेहरा आवळला. इतक्या वर्षांचा राग, असा एका शब्दाने कसा जाईल? तो काहीतरी बोलायला गेला.

"ऐक!" असुंता गरजली. एवढा आवाज तिच्यात आहे हे त्या दिवशी कळलं. "ती काय म्हणते ते शेवटपर्यंत ऐक!"

नुन्झिओने तोंड मिटलं. हेदर अडखळत म्हणाली, "बाबा फोनवर सगळं नाव सांगत होते. पण तुम्ही पहिला शब्द ऐकलात आणि फोन ठेवलात. माझं नाव हेदर असुंता. पहिलं आईच्या आवडीचं, दुसरं आजीचं. घरी मला सगळे असुंताच म्हणतात."

मग असुंता उठली आणि त्या मुलीचा चेहरा दोन्ही हातांनी धरून तिने असा हंबरडा फोडला की वर गल्लीत लोक थांबले असणार. मीही रडले, फिलोमेनाही रडली, फक्त ती म्हणे तेलाचा धूर डोळ्यांत गेला.

नुन्झिओ भिंतीवरच्या फोनपाशी गेला. नंबर नातीने सांगितला. पलीकडून आवाज आल्यावर तो नुसता म्हणाला, "कार्मिने, मी बोलतोय. नाही, नाही, तू बोल. मी ऐकतो." आणि खरंच ऐकत राहिला, कितीतरी वेळ, भिंतीला कपाळ टेकून.

पण असुंता म्हणजे असुंता. "तो दारात येईपर्यंत पोर द्यायची नाही मी," ती म्हणाली आणि टोपली काखोटीला मारली. "नवस म्हणजे नवस. नात आली हे व्याज, मुद्दल अजून यायचंय."

दुपारी मिरवणूक निघायची वेळ झाली. गल्ली तुडुंब भरली होती. नुन्झिओ मंडळाच्या पायरीवर चढला. "ऑरेलिओ, पुढे ये." ऑरेलिओ आला, तोंड उतरलेलं, हातात खोलीची किल्ली, परत द्यायला आणलेली. ती नुन्झिओने त्याच्या मुठीत परत दाबली. "मी चुकलो," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "तू खरं बोलत होतास आणि मी ऐकलं नाही. तुला काही म्हणायचंय? बोल. पुरतं बोल."

ऑरेलिओने डोळे पुसले. "मला एवढंच म्हणायचंय, डॉन नुन्झिओ, की त्या तळघरातल्या खुर्च्या आता नवीन घ्या. पुसून पुसून माझी कंबर गेली."

लोक हसले, आणि कालपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला. माझ्या तरी.

"पण पोर होतं कुठे?" न्हाव्याची बायको ओरडली.

"आजीकडे," फिलोमेना म्हणाली. "पोरं जातात आजीकडे राहायला. त्यात विचारायचं काय?"

पालखी उठली. पहिल्या खांद्याला ऑरेलिओ. बँड वाजायला लागला. पण अध्यक्ष कुठे? आजवर एकदाही नुन्झिओने मिरवणुकीतली पुढची जागा सोडलेली नव्हती. शोधलं तर हा आपल्या घरासमोर, रस्त्यावर! आमच्या गल्लीत गाडीची जागा अडवायला खुर्ची ठेवतात. त्या खुर्चीवर हा पठ्ठ्या सणाचा कोट घालून, छातीवर अध्यक्षाचा पट्टा लावून स्वतःच बसला होता, आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीवर खेकसत होता. "ही जागा माझ्या मुलाची आहे! पुढे व्हा! माझा मुलगा येतोय!"

पालखी त्याच्यासमोर येऊन थांबली. बँडही थांबला. सगळी गल्ली थांबली. अंतोनिओ रिकामा हात पुढे करून उभा, आणि दारात असुंता टोपली घेऊन उभी. कोण आधी देतो, अशी दोघांची पैज.

मग वळणावरून एक निळी गाडी आली. नुन्झिओ उठला, खुर्ची बाजूला ओढताना तिच्यातच अडखळला, आणि गाडीतून उतरलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाने त्याला सावरलं. सावरलं ते सोडलंच नाही.

असुंता पालखीपाशी गेली. कार्मिनेच्या गालावर तिने आधी एक चापट मारली, मग मुका घेतला. मग शाल उलगडली आणि बाळ अंतोनिओच्या हातावर नीट बसवलं. "घे बाबा तुझं," ती म्हणाली. "माझं मिळालं."

मुकुट नातीने घातला. टाळ्या इतक्या झाल्या की बँडचं कुणाला ऐकूच येईना.

मी मात्र हळूच घरी आले. माझं एक काम राहिलं होतं. पातेल्यातून बाळकृष्णाला बाहेर काढलं, मऊ पंच्याने पुसलं, अगदी कानामागेसुद्धा. असुंताच्या वरच्या स्वयंपाकघरात तळलेल्या, साखर भुरभुरलेल्या पिठाच्या गोळ्यांतले दोन त्याच्यापुढे वाटीत ठेवले. कालपासून पाण्यात बसून गार पडला होता बिचारा.